अकरा मण्यांची आच

आमच्या वन्सं, म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहीण, दातांच्या एका लॅबमध्ये छत्तीस वर्षं कवळ्या बनवत होत्या. डॉक्टर तोंडाचं माप पाठवायचे आणि वन्सं प्लास्टरच्या साच्यातून दात उभे करायच्या. ज्यांच्या तोंडात त्या कवळ्या गेल्या त्यांच्यापैकी एकालाही त्यांनी कधी पाहिलं नाही. "जेवताना कुणी माझ्या नावानं खडे फोडले नाहीत, तेवढं मला पुरे," असं त्या म्हणतात. कवळी नीट बसली की माणूस तिला विसरतो, आणि विसरला की काम जमलं, हा त्यांचा साधा हिशोब.

निवृत्त झाल्यावर त्या आमच्याकडे राहायला आल्या तेव्हा कपड्यांची बॅग एक होती आणि हत्यारांच्या पेट्या तीन. मागच्या खोलीत उत्तरेच्या खिडकीखाली त्यांनी टेबल लावलं. काही दिवस घरातली तुटकी भांडी, चष्मे, छत्रीच्या काड्या यांचं भाग्य उजळलं. मग ह्यांचे एक मित्र आले. ते सुट्टीच्या दिवशी घरच्या घरी पत्ते खेळतात, काड्यापेटीतल्या काड्या लावून. त्यांनी कुठूनतरी कॅसिनोतल्या जुन्या चिपा आणल्या होत्या. तिथे टेबलावर पैशांऐवजी ज्या गोल चकत्या सरकवतात त्या. प्रत्येक चिपेच्या मधोमध, दोन्ही बाजूंना, कॅसिनोचं नाव आणि आकडा छापलेला कागद दाबून बसवलेला असतो, वर प्लास्टिकचा पातळ पापुद्रा. मित्रांना तो काढून तिथे आपल्या कुत्र्याचं चित्र लावायचं होतं. तीन दुकानांनी नाही म्हटलं होतं. वन्संनी चिप उजेडात धरली, नख फिरवलं आणि म्हणाल्या, "टिकली आहे. निघेल."

तेव्हापासून आमच्या घरात त्या गोल कागदाला टिकली म्हणतात.

मी मात्र पहिले काही दिवस त्या चिपांना हात लावला नाही. जुगाराची वस्तू, आणि पलीकडच्याच भिंतीला माझं देवघर. मी बोलून दाखवलं नव्हतं, पण वन्संना कळलं. "अगं, यांच्यावर आता कुणी काही लावत नाही," त्या म्हणाल्या. "यांचं दुकान बंद पडलं. माझ्यासारख्याच निवृत्त आहेत बिचाऱ्या." मग मी एक हातात घेतली. कडा झिजून मऊ झाल्या होत्या, पायरीचा दगड झिजतो तशा. किती हातांतून गेली असेल, आणि त्यातल्या किती हातांना घाम आला असेल. मी ती पुसली आणि परत ठेवली. त्यानंतर पुसायचं काम माझ्याकडेच आलं.

मास्तर आले ते त्यानंतर दोनेक वर्षांनी. उंच, पाठ ताठ, आणि बसताना दोन्ही तळहात टेबलावर उघडे ठेवून बसायची सवय. ते एका कॅसिनोत मुख्य डीलर होते. नवीन पोरापोरींना पत्ते वाटायला, चिपा मोजायला त्यांनीच शिकवलं, म्हणून सगळे मास्तर म्हणत. तो कॅसिनो बंद झाला होता. मालकांनी चिपा चुरा करायला काढल्या, तेव्हा मास्तरांनी एक पेटी मागून घेतली. अट एकच होती: नाव आणि आकडा राहता कामा नये.

"एकशेचार आहेत," मास्तर म्हणाले. "आणि आम्ही तिथे शेवटपर्यंत होतो ते शंभर जण. डीलर, पहारेकरी, सफाईवाले, स्वयंपाकघरातले, सगळे. महिन्याअखेरी एकदा जमणार आहोत. प्रत्येकाला एक चिप द्यायची, मधोमध त्याचं नाव. सातजण आता नाहीत, त्यांच्या घरच्यांना द्यायची."

"एकशेचार म्हणजे चारच जास्तीच्या," वन्सं म्हणाल्या.

"दुसऱ्या मिळणार नाहीत, मॅडम. बाकीच्यांचा भुगा मी डोळ्यांनी पाहिलाय."

त्या चार जास्तीच्या चिपा पहिल्या आठवड्यातच गेल्या, आणि याचं मला नवल वाटत नाही. या चिपा वेगळ्या मिश्रणाच्या होत्या, जुन्या आणि ठिसूळ. पहिलीवर कपड्यांची इस्त्री टेकवली, तर ती पापडासारखी वाकडी झाली. दुसरीची टिकली गिरमिटाने खरवडायला गेल्या, तर काठापर्यंत तडा गेला. तिसरी नखांचा रंग काढायच्या पाण्यात ठेवली. टिकली जागची हलली नाही, काठावरचे रंगीत पट्टे मात्र विरघळले. चौथीत मुळातच केसासारखी चीर होती. ती उचलताना दोन तुकडे झाले. वन्संनी ते चारही मृतदेह एका रुमालावर ओळीने मांडले आणि दोन दिवस नुसत्या बघत बसल्या.

"ताई, त्यांना जाळायचं की पुरायचं?" ह्यांनी दारातून विचारलं.

"तू आधी दाढी कर," वन्सं म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी त्यांनी पेटीतून कवळ्या दाबायची पितळेची डबी काढली. तिच्यात प्लास्टर ओतलं आणि त्यात चिप बरोबर अर्धी बुडेल असं घर केलं. चिपेच्या काठाभोवती जाड पितळी कडं बसवलं, म्हणजे काठाची उष्णता ते कडं पिऊन टाकील. मग टिकलीच्याच मापाचा एक पितळी दांडा घासून घासून तयार केला, तळ आरशासारखा. दांडा स्पिरिटच्या दिव्यावर तापवायचा, मेणाच्या कांडीला टेकवून किती तापलाय ते बघायचं, आणि फक्त टिकलीवर उभा धरायचा. खालचा डिंक सैल झाला की दांडा उचलायचा आणि मेण कोरायच्या पातळ पातीने टिकली एका बाजूने उचलायची. हात थरथरला तर चिपेचाच टवका निघतो, घाई केली तर कागद फाटतो, उशीर झाला तर डिंक पुन्हा धरतो. मी जवळून पाहिलं आहे. ती पाती आत जायची तेव्हा वन्संचा श्वाससुद्धा थांबायचा, आणि टिकली सबंध निघून पातीवर आली की त्या पातीला हळूच म्हणायच्या, "शाबास." स्वतःला कधी म्हणाल्या नाहीत.

अडचण होती वेळेची. दांडा किती वेळ धरायचा हे ठरलं होतं, पण तेवढा वेळ वन्संची नजर दांड्यावरून हलायला नको. स्वयंपाकघरातलं गजराचं घड्याळ आणलं, तर त्याच्या किंचाळण्याने त्यांचा हात उडाला. मनात आकडे मोजले, तर हातातलं लक्ष आकड्यांत गेलं.

आता माझं सांगायला हवं. सकाळी उठल्यापासून बारा वाजेपर्यंत मी बोलत नाही. लग्नाआधीपासूनचा नेम आहे. तेवढ्या वेळात हाताने कामं करते आणि मनात नाम घेते, बोटांत माळ असते. त्या वेळात लिहून किंवा खुणा करूनही काही सांगत नाही, नाहीतर ते मौन कसलं. ह्यांना याची सवय आहे. "घरात एक बोलत नाही आणि दुसरी ऐकत नाही, मी वर्तमानपत्राशी गप्पा मारतो," असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात. वन्संना मात्र सकाळची ती शांतता आवडायची. त्या मला मौनीबाई म्हणतात आणि नाजूक काम मुद्दाम सकाळी काढतात.

त्या दिवशी मी बाजूला बसून एका हाताने चिपा पुसत होते, दुसऱ्या हातात माळ होती. वन्सं दांडा धरून होत्या आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून त्यांना माझी माळ दिसत होती. एक मणी, दुसरा मणी. टिकली सुटली तेव्हा त्या म्हणाल्या, "अकरा. मौनीबाई, तू अकरा मणी ओढलेस. पुन्हा कर बघू." पुन्हा अकरा. तिसऱ्यांदाही अकरा. तीस वर्षं तेच नाम, त्याच चालीने. घड्याळ काय वेगळं करतं? ठरलं. दांडा टेकला की मी माळ सुरू करायची आणि अकराव्या मण्याला टेबलावर बोट टेकवायचं. गजरासारखं किंचाळणं नाही, नुसतं टक. मी मनाशी विचार करून पाहिला. टेबलावर बोट टेकवणं म्हणजे काही बोलणं नव्हे.

अशा आम्ही रोज दहा चिपा करत होतो. एका बाजूची टिकली, मग थंड होऊ द्यायची, मग उलटून दुसऱ्या बाजूची. दुपारी वन्सं मधले खळगे साफ करत आणि नवीन नावांच्या टिकल्या छापखान्यातून येणार होत्या त्यांची मापं घेत. प्रत्येक चिप काचेवर ठेवून काठावर बोट दाबायचं. हलली नाही की पास. नव्वद चिपा झाल्या, आणि एकही हलली नव्हती. मी माझ्या आयुष्यात पुष्कळ माणसांना पूजा करताना पाहिलं आहे. त्या नव्वद चिपांवर वन्संचा हात जसा चालला तसा फार थोड्यांचा चालतो.

शेवटच्या दहा राहिल्या होत्या, त्या करायच्या आदल्या संध्याकाळी मास्तर नावांची यादी घेऊन आले. छापखान्याला द्यायच्या आधी नावं नीट लिहिली आहेत ना ते बघायचं होतं. ते एकेक नाव वाचत होते आणि नुसतं वाचून थांबत नव्हते.

"हा वीसची म्हणून दिलेली चळत एका हातात धरायचा आणि न बघता सांगायचा, एकोणीस आहेत. हा दाराशी उभा राहायचा. जे सारखे येतात त्यांना म्हणायचा, आज घरी जा, आज तुमचा चेहरा बरा नाही. त्यासाठी दोनदा बोलणी खाल्ली. आणि ही सफाईवाली. गालिचा झाडताना हिला सगळ्यात मोठ्या आकड्याची चिप मिळाली. वर्षाच्या पगाराएवढी. तिने आणून माझ्या हातात ठेवली आणि म्हणाली, मास्तर, कुणाचा तरी जीव खाली पडलाय."

वन्संनी यादीवरून मान वर केली. मास्तरांनी बोट एक ओळ खाली सरकवलं आणि पुढचं नाव वाचलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीसारखी बसले. पहिल्या पाच चिपा छान झाल्या. सहावीची एक बाजू झाली, ती उलटून डबीत बसली, दांडा टेकला, मी माळ धरली, आणि कुठून कोण जाणे ती सफाईवाली माझ्या डोळ्यांपुढे आली. वाकलेली, हातात ती चिप. मला वाटलं, ही चिप तिचीच असेल. देवा, ही नीट निघू दे. पुढचं नाम मी मनापासून घेतलं. त्याच्या पुढचंही. इतके दिवस मी नुसती माळ ओढत होते, या वेळी मात्र खरोखर नाम घेत होते. अकराव्या मण्याला बोट टेकवलं.

वन्संनी दांडा उचलला, पाती आत घातली. टिकली लोण्यासारखी निघाली, जरा जास्तच सहज. थंड झाल्यावर त्यांनी चिप काचेवर ठेवली आणि काठ दाबला.

टक.

त्यांनी दुसऱ्या बाजूने दाबलं. टक. चिप नावेसारखी हलत होती.

मला त्याच क्षणी कळलं. नाम मनापासून घेतलं की ते लांबतं. घाईत जे दोन श्वासांत होतं, ते भरून येऊन घेतलं की तीन श्वास खातं. अकरा मणी तेच होते, पण आच दीडपट झाली होती.

वन्संना हे माहीत असायचं कारण नव्हतं. त्यांनी दांडा पाहिला, दिव्याची वात पाहिली, मेणाची कांडी पुन्हा टेकवून पाहिली. प्लास्टरला कुठे तडा गेलाय का म्हणून भिंग लावलं. वही उघडून लिहिलं, आणि लिहिताना स्वतःशी बोलत होत्या. "माझाच दांडा जास्त तापला. शेवटाला आले आणि हात सैल पडला. म्हातारी झाले." मग त्यांनी दिवा विझवला. "कारण कळल्याशिवाय उरलेल्या चारांना हात लावणार नाही," असं मला म्हणाल्या आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिल्या.

घड्याळात सव्वानऊ झाले होते.

पुढची चिप धोक्यात असती तर मी नेम मोडला असता, असं मला वाटतं. पण काम थांबलं होतं. मी गप्प राहिले. खरं सांगायचं तर नेम मोडू नये म्हणूनच मी गप्प होते असं नाही. सांगायची लाज वाटत होती, आणि त्या सकाळी मौन मला फार सोयीचं झालं. तीस वर्षांत असं पहिल्यांदा घडलं. शेजारी एक बाई, जिचा हात पंच्याण्णव चिपांत एकदाही चुकला नाही, ती आपल्या हाताला दोष देत बसली होती, आणि मी चिपा पुसत होते. पुसून झालेल्या पुन्हा पुसत होते.

बारा वाजले. मी म्हटलं, "वन्सं, दांडा बरोबर होता. माझी माळ लांबली."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी सफाईवालीचं सांगितलं, नाम कसं लांबतं ते सांगितलं, आणि सव्वानऊपासून मला हे माहीत होतं हेही सांगितलं. 

वन्संनी उघडी वही मिटली. मग विचारलं, "म्हणजे इतके दिवस तू नुसती माळ ओढत होतीस?"

"हो. वेळ चुकू नये म्हणून."

"पंच्याण्णव चिपा? देवाला काय वाटलं असेल गं, माझ्या टिकल्यांपायी?" आणि त्या हसायला लागल्या. डोळे पुसत हसल्या. मला मात्र हसू आलं नाही. मास्तरांकडे शंभर नावं होती आणि आमच्याकडे नव्याण्णव सरळ चिपा.

"पण तीन तास," हसू ओसरल्यावर वन्सं म्हणाल्या. "मी इथे स्वतःला म्हातारी म्हणत बसले होते."

"चुकलं माझं."

"चुकलंच." एवढं बोलून त्यांनी तो विषय ठेवून दिला. नंतर कधीही काढला नाही.

कवळी वाकली तर ती सरळ करायची एक रीत असते. वन्संनी ती वाकडी चिप दोन सपाट पितळी पत्र्यांमध्ये घालून शिकंज्यात दाबली, कोमट पाण्यात ठेवली, आणि पाणी आपोआप गार होऊ दिलं. सबंध दिवस. दुसऱ्या दिवशी पुन्हा. दर वेळी टक थोडं कमी झालं. तिसऱ्या दिवशी ते कानाला ऐकू येईना, फक्त बोटाला कळे. "याच्यापुढे ओढलं तर तुटेल," त्या म्हणाल्या. "कुठे थांबायचं तेही आलं पाहिजे." उरलेल्या चार चिपा त्यांनी त्याच आठवड्यात काढल्या, मी भिंतीवरच्या घड्याळाचा काटा बघून बोट टेकवलं. चारही सरळ. नवीन टिकल्या आल्या, त्या नव्याण्णव चिपांत बसवल्या. शंभरावीची जागा वन्संनी मोकळी ठेवली.

मास्तर न्यायला आले तेव्हा पेटी उघडण्याआधी वन्सं म्हणाल्या, "एक चिप हलते. आमच्याकडून बिघडली."

"आमच्याकडून" म्हणाल्या. मी पुढे झाले. "माझ्याकडून."

मास्तरांनी हात पुढे केला. चिप अंगठ्यावर तोलली, टेबलावर अलगद सोडली आणि कान दिला. मग काठाला बोटाने टिचकी मारली. चिप गरगर फिरली आणि फिरतच राहिली. सरळ चिप अशी फिरत नाही, लगेच बसते.

"चाळीस वर्षं," मास्तर म्हणाले, "अशी चिप टेबलावर दिसली की मी ती आधी उचलायचो. ती फिरते, लबाडीच्या खुणेला वापरता येते. खिशात टाकायची नाही, लगेच वेगळ्या पेटीत आणि मोडीत. पोरांना पहिल्या दिवशी हेच शिकवायचो. दिसली हलणारी, की काढा." चिप अजून फिरत होती. "किती काढल्या असतील मी."

 मला वाटलं, आता ते म्हणणार, ही चालणार नाही. त्यांच्या शंभर जणांत एकाला मोकळ्या हाताने परत पाठवावं लागणार, आणि तो कोण हे ठरवणारे तेच.

त्यांनी यादी काढली. सगळ्यात खाली, शंभराव्या ओळीत, त्यांचं स्वतःचं नाव होतं. टिकल्या यादीच्या क्रमाने बसवल्या होत्या, म्हणून त्याची तेवढी छापखान्याच्या पाकिटात उरली होती. ती त्यांनी वन्संपुढे ठेवली.

"हिच्यात बसवा."

"मास्तर, तुम्ही सगळ्यांना शिकवलंत. तुम्हाला सरळ द्यायला हवी," वन्सं म्हणाल्या.

"मॅडम, सरळ मी रोज हाताळल्या. हलणारी एकही घरी नेता आली नाही." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "वहिनी, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका. काय झालं होतं?"

मी सांगितलं. सफाईवालीचं नाव निघालं तेव्हा त्यांनी दोन्ही तळहात टेबलावर उघडे ठेवले, पूर्वीसारखे.

"तिची कुठली?" त्यांनी विचारलं.

वन्संनी पेटीतून तिची चिप काढली आणि काचेवर ठेवली. मास्तरांनी चारी बाजूंनी बोट दाबून पाहिलं. ती तसूभर हलली नाही.

तो महिना संपला. मास्तरांचा कार्यक्रम झाला, एक फोन आला, मग कुणाकुणाचे आणखी फोन आले, आणि वन्संच्या टेबलावर पुन्हा एक पेटी आली, या वेळी पन्नास चिपांची. मी सकाळी भिंतीवरच्या घड्याळासमोर खुर्ची लावायला गेले. वन्संनी खुर्ची परत टेबलापाशी ओढली.

"माळ घेऊन बस."

मी अजून बोलू शकत नव्हते, म्हणून नुसती बघत राहिले.

"घड्याळ बघताना तुझी मान वळते, मला ते दिसतं आणि माझं लक्ष जातं," त्या म्हणाल्या. "माळच बरी. पण नुसती ओढायची नाही. मनापासून घे. पहिल्यापासून, सगळ्या पन्नासांना. एक मनापासून आणि एक तसंच, असं झालं तर मात्र माझी पंचाईत होईल."

त्यांनी दांडा दिव्यावर धरला आणि मेणाच्या कांडीला टेकवला. आधी मेण ओघळलं की दांडा तयार समजायच्या. आज मेण नुसतं मऊ होऊन वाकलं, तेवढ्यावरच त्यांनी दांडा दिव्यावरून काढला. वहीत नवीन पानावर काहीतरी लिहिलं, आणि चिप डबीत बसवून माझ्या बोटांकडे बघत थांबल्या.

मी डोळे मिटले आणि पहिला मणी धरला.